शक्यतेचा जाच

कंपायलरनं चूक दाखवली तर राग येत नाही. चूक नसताना शंका घेतली की डोकं फिरतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत मी लिनक्स कर्नलमधला एनएफएसचा कोड बांधायला घेतला. जादा वॉर्निंगही हौसेनं मागून घेतल्या होत्या. जीसीसी या कंपायलरनं जांभळ्या अक्षरांत फर्मावलं, की हे व्हेरिएबल किंमत न भरताच वापरलं जाण्याची शक्यता आहे. नुसती शक्यता! जिथं गल्ल्यांनाही नंबर आहेत, तिथं शक्यतेवर कोण चालतं?

दुसऱ्या मशीनवरची फाईल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडायची एनएफएस ही सोय सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये काढली. माझं फंक्शन सर्व्हरला फाईलचा आकार विचारायचं. उत्तर आलं तर आकार भरायचं, नाही तर एरर परत करायचं. पुढचा कोड आधी एरर तपासायचा, मगच आकाराला हात लावायचा. सगळं चोख. पण ‘एरर नाही म्हणजे आकार आहे’ एवढंच जीसीसीच्या टाळक्यात शिरेना.

घरमालक काका डोकावले. “काय रं, अजून जागाच?”

“काका, मशीन म्हणतंय धोका आहे. खरं तर नाही.”

“मग गप कर की त्येला!”

तशी सोय कर्नलमध्ये होतीच. एक मॅक्रो व्हेरिएबलला त्याचीच किंमत द्यायचा: एक्स बरोबर एक्स. जीसीसी खूश, कोड जिथल्या तिथं. पण त्याच पांघरुणाखाली खरे बगही घोरू लागतात, म्हणून २०२० मध्ये तो मॅक्रोच हद्दपार झाला. त्याच वर्षी लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स यांनी वैतागून ही वॉर्निंगही नेहमीच्या बिल्डमधून बंद केली.

मला मात्र राजाराम बंधारा आठवला. पंचगंगेचं पाणी तिथं ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. इशारा मिळाला की निम्मं कोल्हापूर पाणी बघायला पळतं, कारण बंधाऱ्यावरची पाणी मोजायची पट्टी थापा मारत नाही. भर उन्हाळ्यात ती रोज ३९ दाखवू लागली, तर आषाढात तिच्याकडे कुत्रंही बघणार नाही.

म्हणून तोंड दाबण्याऐवजी फंक्शनच बदललं. आता ते एकच आकडा परत करतं: ऋण असेल तर एरर, नाही तर आकार. कर्नलची ही जुनीच रीत. जांभळी अक्षरं गेली.

“मिटलं?” काकांनी विचारलं.

“मिटलं.”

“चूक कुणाची हुती?”

“कुणाचीच नाही.”

“मग रातभर लाईट कशापायी जाळलीस? ह्या महिन्याचं बिल तूच भर.”