जुन्या कपाटाचा वास कसा घालवावा : नवशिक्यांसाठी

आधी घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी. ‘वास? कसला वास?’ असे उत्तर येईल. वर्षानुवर्षे त्या कपाटाशेजारी झोपलेल्या नाकाला तो खरोखरच येत नाही, तेव्हा वाद घालू नये.

मग कपाट रिकामे करावे. यात एक रविवार जातो. आहेरात आलेल्या आणि आहेरातच जाणार असलेल्या साड्या, बंद पडलेली घड्याळे, विकून टाकलेल्या घराची विजेची बिले आणि कोणाच्या तरी मुंजीचा अल्बम बाहेर निघेल. अल्बम उघडू नये. उघडल्यास पुढचे पुढच्या रविवारी वाचावे.

आता वास ओळखावा. कुबट, ओलसर असेल तर ती बुरशी. भिंतीला चिकटून उभ्या कपाटाच्या पाठीवर ती पावसाळाभर सुखाने नांदते. नाकाला झोंबत असेल तर डांबरगोळ्या. या गोळ्यांची न वितळता थेट वाफ होते. गोळी दिसेनाशी झाली की आपण म्हणतो, संपली. ती संपलेली नसते, कच्च्या लाकडात मुरलेली असते. लाकूड कच्चे, कारण पॉलिश फक्त दर्शनी भागाला! आतल्या फळ्या, खणांच्या मागच्या बाजू आणि पाठ कोरीच. पाहुण्यांना दिसत नाही तिथे पैसा घालायचा नाही, हे आपले पिढीजात धोरण. वास नेमका तिथेच घर करतो.

यावर लोकप्रिय उपाय म्हणजे तिसरा वास. कापूर, धूप, अत्तराचा फाया. अवश्य करावा. मग लग्नात शेजारचा माणूस विचारतो, ‘आज घरी सत्यनारायण होता का?’

खरा उपाय कंटाळवाणा आहे. खण पूर्ण ओढून काढावेत. पाणी आणि पांढरे व्हिनेगर निम्मे निम्मे घेऊन, घट्ट पिळलेल्या फडक्याने आतली कोरी बाजू पुसावी. बादली ओतू नये, लाकूड फुगते. (व्हिनेगरलाही वास असतो. तो वाळला की जातो, हे घरी आधीच सांगून ठेवावे.) मग सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर वाळवावे, कडक उन्हात पातळ फळ्या वाकतात आणि दार लागेनासे होते. नंतर वाटीत खायचा सोडा किंवा कोळसा ठेवून दार लावावे. तरीही वास राहिला तर आतून बारीक पॉलिशपेपर मारून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात द्यावेत. लाख वास घालवत नाही, आत कोंडते. आपल्याला तेवढे पुरते.

हे सगळे मे महिन्यात उरकावे. जुलैत हात घातला तर वाळणे गणपतीपर्यंत चालते. कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे.

आणि डांबरगोळ्या पुन्हा घालू नका. जी-६-पीडी या विकराची उणीव असलेल्या तान्ह्या बाळांना, गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ झाल्याची नोंद वैद्यकात आहे. घरात बाळ येणार असेल, तर दुपटी-झबली दुसरीकडे ठेवा.