ब्लॅक बुकचे गुण बंद करा

जानेवारी २०२३. चॅटजीपीटी येऊन दोन महिनेही झाले नव्हते. व्हार्टनचे प्राध्यापक क्रिस्टियन टेरविश यांनी एमबीएच्या ऑपरेशन्स मॅनेजमेंटचा पेपर त्याच्याकडून सोडवून घेतला. साध्या आकडेमोडीत ते अडखळलं, तरी ‘बी’ ते ‘बी-उणे’ श्रेणीपर्यंत पोचलं. तेव्हाच आपल्या मॅनेजमेंट कॉलेजांनी जागं व्हायला हवं होतं.

आपल्याकडे ब्लॅक बुक, म्हणजे विद्यार्थ्याचा प्रकल्प-अहवाल, अजून तशीच आहे. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, शंभर जणांचा सर्व्हे, पाय चार्ट, शेवटी सूचना. ही शंभर उत्तरं हॉस्टेलच्या खोलीत बसून भरणारी मुलं पूर्वीही होती. आता तेच काम एआय मिनिटात करतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं इंग्रजीही ते नीट करून देतं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. भाषेपायी त्याचा मुद्दा मागे पडायचा, तो आता वाचला तरी जाईल. मात्र मुद्दा त्याचा स्वतःचा हवा.

त्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग केला. एआयला झेपणारी कामं ते वापरणाऱ्यांनी सुमारे २५ टक्के लवकर उरकली. त्याच्या आवाक्याबाहेरचं एक काम मुद्दाम निवडलं होतं. तिथे मात्र अचूक उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण एआय न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-अंकांनी कमी भरलं. मुरलेले सल्लागार जिथे फसले, तिथे बाविशीतला विद्यार्थी एआयची चूक कशी पकडणार? त्यासाठी त्याला डीलरच्या गोदामात उभं करा. उधारी किती दिवसांची, माल परत का येतो, दिवाळीआधी स्टॉक कोण दाबून ठेवतं, हे त्याने स्वतः विचारून यावं. लिहिताना एआय खुशाल वापरावं. गुण मात्र तोंडी परीक्षेला द्या, वीस मिनिटांच्या, उलटतपासणीसारख्या. बाहेरचे परीक्षक दोन मिनिटांत सही करून मोकळे होतात, ती व्हायव्हा नव्हे.

यावर प्राचार्य म्हणतील, एवढा वेळ द्यायला माणसं कुठून आणू? अडचण खरीच आहे. निम्मा अभ्यासक्रम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चालत असेल, तर प्रत्येक मुलाला वीस मिनिटं देणार कोण? म्हणून एआय लॅबचं बजेट मंजूर करण्याआधी संस्थाचालकांनी रिकामी पदं भरावीत, तीही पूर्ण पगारावर.