सकाळचा सुपरवायझर

सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तात्या माझ्या हाताखाली असतात. पाचनंतर मी तात्यांच्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचं गेट आणि येळ्ळूरची वेस यांच्या दरम्यान कुठंतरी ही सत्ता पालटते. मोटारसायकल दोन्ही वेळा मीच चालवतो. सकाळी तात्या मागं बसून म्हणतात, "सावकाश, साहेब." संध्याकाळी तेच तात्या त्याच सीटवरून म्हणतात, "अरे दाब की गा, रात्र करतोस काय!"

तात्या माझे भावकीतले चुलते. मोल्डिंगमध्ये त्यांची हयात गेली. वाळू मुठीत दाबतात, मूठ उघडतात आणि त्या गोळ्याकडं बघून पाणी जास्त झालंय की कमी ते सांगतात. लॅबमधलं यंत्रही तेच सांगतं, फक्त चहा पिऊन झाल्यावर. अशा माणसावर सुपरवायझर नेमलेल्या पोरानं नेमकं करायचं काय, हा प्रश्न मालकांनाही पडला असावा. कारण त्यांनी मला प्रशिक्षणाला पाठवलं.

बेळगावातल्या एका हॉटेलचा थंडगार हॉल. पडद्यावर एक पांढऱ्या दाढीचे फ्रेंच आजोबा. हेन्री फेयॉल. हे खाणीतले इंजिनिअर. १८८८मध्ये बुडायला आलेली खाण कंपनी त्यांच्या गळ्यात पडली. ती त्यांनी सावरली आणि १९१६मध्ये त्या अनुभवातून पुस्तक लिहिलं. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण ही त्यांनी सांगितलेली पाच कामं. पुढं अमेरिकेतल्या गुलिक यांनी १९३७मध्ये ती सातांवर नेली. पगार कुणी वाढवला की नाही, ते शिकवणाऱ्या सरांच्या स्लाइडवर नव्हतं.

"उद्या किती माणसं कामावर येतील, हे तुम्हाला आज कसं कळतं?" सरांनी नियोजनाला हात घातला. कुणी म्हणालं रजेचा अर्ज, कुणी म्हणालं व्हॉट्सॲप. मी गप्प बसलो, कारण खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या खात्यात निम्मी माणसं येळ्ळूर, धामणे, देसूरची. मे संपता संपता वळीव पडून गेला की धूळवाफ पेरणीसाठी कुरी बाहेर निघते. दुपारच्या सुट्टीत तात्या शेडबाहेर येऊन राजहंसगडाच्या दिशेनं आभाळ बघतात. ते नुसते "हं" म्हणाले, तर मी उद्याच्या यादीतून चार नावं खोडतो. "हं हं" म्हणाले, तर भट्टीची एक हीटच रद्द. जुलैत बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात चढलं की यादी करण्यातच अर्थ नसतो; ज्याच्या भातात पाणी उभं आहे, त्याला कास्टिंगमध्ये ब्लो होल का आलं म्हणून विचारायला जिगर लागते. आमचे मोठे साहेब मात्र दरवर्षी नव्यानं चकित होतात. सुगीच्या रजेवर सही करताना त्यांचा हात जड असतो; सुगीनंतर येळ्ळूरच्या बासमतीची पिशवी डिकीत ठेवताना तो बराच हलका झालेला असतो.

आदेश हे प्रकरण तर मी अजून सुरूच केलेलं नाही. तात्यांना मी हुकूम सोडू? ज्यांनी मला धरून विहिरीत ढकललं आणि पोहायला शिकवलं, त्यांना? म्हणून मी भट्टीकडं तोंड करतो आणि तात्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भट्टीला सांगतो, की आज एवढे साचे झाले नाहीत तर कोल्हापूरची गाडी रिकामी जाणार. भट्टी ऐकत नाही. तात्या ऐकतात. चौदाशे अंशांच्या आसपासचा रस घेऊन लाडल निघालं की मग कुणाला काही सांगावंच लागत नाही. त्या वेळी अख्ख्या शेडमध्ये हुकूम रसाचा चालतो.

फेयॉलसाहेबांचा आणखी एक नियम आहे: एका माणसाला एकच वरिष्ठ. येळ्ळूरकराला हे ऐकून हसू येईल. आमच्या माणसाला कारखान्यात सुपरवायझर, तालमीत वस्ताद, गल्लीत मंडळाचा अध्यक्ष, सोसायटीत चेअरमन आणि घरी जी असते ती. यातल्या चौघांनी एकाच दिवशी बोलावलं, तर तो कुणाकडं जाणार हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. माझ्याकडं नाही.

पण या गृहस्थाबद्दल मला जिव्हाळा वाटू लागला तो घोड्यामुळं. १८६१ची गोष्ट. ऐन विशीतले फेयॉल कोमांत्रीच्या कोळसा खाणीत नोकरीला होते. खाली सहाव्या थरावर गाडे ओढणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. फेयॉलनी दुसऱ्या घोड्यासाठी चिठ्ठी लिहिली. तबेलेवाला म्हणाला, यावर डायरेक्टरसाहेबांची सही नाही. डायरेक्टर बाहेर गेलेले, मागं कुणाला नेमलेलं नाही. फेयॉलनी विनवण्या केल्या. तबेलेवाला हलला नाही, घोडाही हलला नाही, त्या थरावरचं काम बसलं. हे त्यांनी डायरीत टिपून ठेवलं.

मला त्या तबेलेवाल्याचा चेहरा स्पष्ट दिसतो, कारण तो आमच्या स्टोअरमध्ये बसतो. हातमोज्यांच्या जोडीला दोन सह्या लागतात. साहेब धारवाडला गेले, तर मोजे कपाटात आणि लाडलवाले कोपऱ्यात. एकशे चाळीस कोटींचा देश चंद्रावर यान उतरवतो म्हणे. आमच्याकडं मोजा हाताच्या उंचीवर यायला संध्याकाळ होते. जबाबदारी माझी, किल्ली त्याची, सही तिसऱ्याची. यालाच बहुधा संघटन म्हणतात.

समन्वयाला सरांनी उदाहरण मागितलं तेव्हा आमच्या बाकावरचा एकजण पुटपुटला, "राजहंसगड." सर पुण्याचे, त्यांना कळलं नाही. आमच्या येळ्ळूरच्या गडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि मार्च २०२३मध्ये त्याचं लोकार्पण दोनदा झालं. दोन तारखेला सत्ताधाऱ्यांनी केलं, पाच तारखेला विरोधकांनी. निवडणूक तोंडावर होती. तात्यांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं. "कास्टिंग दोनदा तपासतोस की न्हाई तू?" म्हणाले.

शेवटी नियंत्रणावर बोलताना सरांनी सुरेश हुंद्रे यांचं नाव काढलं. आमच्या शेजारच्या मच्छेतल्या पॉलिहायड्रॉनचे ते संस्थापक. कामगारावर पाळत न ठेवता विश्वास टाकून कारखाना चालवता येतो, हे त्यांनी करून दाखवलं. मी भारावून साहेबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सुपरवायझरचा पगार वाचतो?" त्यानंतर मी प्रशिक्षणाचा विषय काढलेला नाही.

यंदा साहेबांनी येळ्ळूरच्या चांगळेश्वरीच्या यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान बघायची इच्छा दाखवली. यात्रेच्या दिवशी उत्पादन का शून्य असतं, याचा छडा लावायचा होता त्यांना. मैदानाचं सगळं तात्यांच्या हातात: कुठल्या जोडीला कुठला पंच, पाहुण्यांना कुठल्या खुर्च्या, पाण्याला कुठली पोरं. कुठं कागद नव्हता, सही नव्हती. हलगी वाजत होती, हजारो माणसं मातीभोवती बसली होती आणि कुस्त्या वेळेवर लागत होत्या. साहेब आत शिरू लागले तशी दाव्याजवळच्या पोरानं काठी आडवी धरली. "बिल्ला?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"अरे सोड त्यांना," मी म्हटलं. "आमचे साहेब हायत."

"तात्यांनी सांगितलंय, बिल्ल्याबिगर कुणाला सोडायचं न्हाई."

"तात्या कुठायत?"

"आखाड्यात. आता येत न्हाईत ते, मोठी कुस्ती लागलीया." मग त्यानं मला नीट न्याहाळलं. "आणि तू हितं काय करतोस गा? तिकडं पाणी संपलंय, तात्या कवाधरनं तुझ्या नावानं शंख करूलालेत."

साहेबांना तिथंच सोडून मी घागर उचलली.