रिकार्डोसाहेब, आमची वाईन कुठाय?

श्री. डेव्हिड रिकार्डो यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही 1823 सालीच गेलात, तेव्हा हे पत्र पोहोचायला जरा उशीर झालाय. मी परळच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला दरसाल तुम्हाला शिकवतो. एवढी ओळख पुरे. इकडे तुमचं उत्तम चाललंय. फोर्टपासून दादरपर्यंत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही मिळता, आणि गाईडात तुमच्या नावापुढे तीन चांदण्या असतात. तीन चांदण्या म्हणजे प्रश्न येणारच.

तुमचा तक्ता पोरांना झोपेतही येतो. ठरावीक कापडाला इंग्लंडात 100 माणसांचं वर्षभराचं काम, पोर्तुगालात 90 जणांचं. ठरावीक वाईनला इंग्लंडात 120, पोर्तुगालात 80. दोन्हींत पोर्तुगाल सरस, तरी त्याने वाईनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचंही भलं. 1817 साली तुम्ही हे छापलंत, आणि तुमच्या गणितात मला आजवर चूक सापडलेली नाही. म्हणून तर अभिनंदनाचं पत्र लिहितोय.

गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "सर, पोर्तुगालमध्ये जे कापड विणत होते, त्यांना द्राक्षं लावायला कोणी शिकवलं?" वर्ग खिदळला. मी तुमच्या वतीने छापील उत्तर दिलं: देशांतर्गत श्रम पूर्णपणे गतिमान असतात, हे गृहीतक आहे. पोरगी लालबागची. आजोबा साच्यावर होते. तिने गृहीतक वहीत उतरवलं, खाली पट्टी लावून लाल रेघ मारली आणि पेनाचं टोपण लावलं.

गतिमान झालेले श्रम आमच्याकडे खूप बघायला मिळाले, साहेब. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं गिरणीत होती. त्यानंतर कोणी दादरच्या फुटपाथवर भाजी घेऊन बसलं, कोणी चाळीतली खोली विकून गावी गेलं. काही जण तर जिथे साचे चालवले त्याच जागेवरच्या टॉवरच्या गेटवर शिट्टी घेऊन उभे राहिले. खात्यापासून गेटपर्यंत, शंभरेक पावलांची गतिमानता. गृहीतक सिद्ध झालं म्हणायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या गिरण्या काही पोर्तुगालने खाल्ल्या नाहीत. खरंय. भिवंडीचे पॉवरलूम होते, जुनी यंत्रं न बदलणारे मालक होते, संप चिघळू देणारं सरकार होतं. ती आरोपींची यादी वेगळी आहे. माझी तक्रार तक्त्याची आहे. त्यात कापड आहे, वाईन आहे, 80 आहेत, 90 आहेत. मधल्या काळात घरी बसलेल्या माणसाला मात्र रकानाच नाही.

आणि तक्ता उलटा पडला तेव्हा तुमच्या देशबांधवांनी काय केलं, तेही ऐकाच. 1854 साली ताडदेवला कावसजी दावरांनी गिरणीची कंपनी काढली. पुढच्या चाळीस वर्षांत गिरणगाव धुराने भरलं आणि मुंबईचं सूत चीनला जायला लागलं. कापसाच्या धंद्यात आम्ही सरस ठरायला लागलो होतो. मग मुक्त व्यापाराच्या या शिष्यांनी आमचं कौतुक कसं केलं? 1896 साली लँकेशायरच्या दबावाखाली भारतीय गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. बाहेरून येणाऱ्या कापडावर तेवढीच जकात होती ना, मग आपल्यांनाही तेवढाच भार नको का! तीन दशकं मालकांनी अर्ज-विनंत्या केल्या. 1925 साली त्यांनी मजुरी साडेअकरा टक्के कापायचं ठरवलं, सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले, आणि त्या डिसेंबरात कर स्थगित झाला. अर्जांनी जे जमलं नाही ते साच्यावरच्या माणसांनी करून दाखवलं. हे गाईडात नाही. त्याला एकही चांदणी नाही.

पाच वर्षांनी, 12 डिसेंबर 1930 ला, काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू नावाचा गिरणी कामगार आडवा गेला. ट्रक थांबला नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पेपरात हा प्रसंग कुठे बसवायचा, हे अजून कोणत्याही अभ्यास मंडळाला सुचलेलं नाही. इतिहासवाल्यांकडे ढकलला की काम झालं.

पण तुमची खरी कमाल व्यापारात नाही, खंडाच्या प्रकरणात आहे. जमीनदार हातपाय न हलवता कसा श्रीमंत होतो, ते तुम्ही काय सुरेख मांडलंत! आमच्याकडे खंड पहिल्या वर्षाला आणि व्यापार तिसऱ्या वर्षाला, त्यामुळे दोन्ही प्रकरणं एकत्र वाचायची वेळच पोरांवर येत नाही. मालकांनी मात्र ती एका बैठकीत वाचली. कापडात नफा उरला नाही? नसू दे. खाली जमीन आहे ना!

मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम होता. मिलच्या जमिनीचे साधारण तीन वाटे: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली दुरुस्ती आली की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. जिच्यावर खाती आणि गोदामं उभी, ती कसली मोकळी? 2006 साली सुप्रीम कोर्टानेही ही दुरुस्ती मान्य केली. त्याच्या आदल्या वर्षी दादरच्या कोहिनूर मिलची जागा 421 कोटींना गेली होती. त्या आवारात इतकी वर्षं विणलेल्या कापडाला असा भाव कधी आला नसेल. एकाच पत्त्यावर, एकाच घराला तुमची दोन्ही प्रकरणं भेटली: व्यापाराच्या प्रकरणाने गेलेली नोकरी मोजली नाही, खंडाच्या प्रकरणाने शेजारची जागा नेली. आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा द्यायला त्याच घरातली पोरगी आली.

एका बाबतीत तुमच्यावर अन्याय होतोय, तो सांगायलाच हवा. 1821 च्या तिसऱ्या आवृत्तीत तुम्ही यंत्रांवर 31 वं प्रकरण घातलंत, आणि यंत्रं आली की कामगाराचं नुकसान होऊ शकतं, आपलं आधीचं मत चुकीचं होतं, असं उघड लिहिलंत. भला माणूस! आमचं गाईड सातव्या प्रकरणावरून पुढे सरकतच नाही. तुमचा कबुलीजबाब कोणी झेरॉक्सच काढला नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?

तेव्हा एवढी विनंती: पुढची आवृत्ती काढलीत तर तक्त्यात पाचवा आकडा घाला. कापड सोडून वाईनपर्यंत पोहोचायला माणसाला किती वर्षं लागली, आणि त्या काळात घरभाडं कोणी भरलं.

आपला,
परळचा एक मास्तर

ता. क. शेअरबाजारात कमावून तुम्ही 1814 साली घेतलेलं गॅटकूम पार्क 1976 मध्ये एलिझाबेथ राणीने आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. खंडाचं प्रकरण तुम्ही स्वतः नीट वाचलं होतंत तर.