बॉनेटखालची गादी

हर्णेत वस्तूंचे दोनच प्रकार असतात. नुकत्याच धुतलेल्या आणि आता धुवायला काढलेल्या. समुद्र दाराशी असला की खारा वारा घरात बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू होऊन राहतो. खिडकीच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, गॅसची शेगडी, सगळ्यांवरून त्याचा हात फिरलेला. पाहुण्यांना हा वारा फार आवडतो. "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" म्हणतात. आहे ना. जाताना फाटकाची कडी तेवढी बघून जा. हवामान खात्याचं केंद्र गावात असल्यामुळे पावसाळ्यात बातम्यांत रत्नागिरी, अलिबागच्या पंक्तीला हर्णेचं नाव लागतं आणि आमची मान ताठ होते. त्या पावसात आमच्या गाड्यांचं काय होतं, हे मात्र बातम्यांत सांगत नाहीत.

म्हणून इथं गाडी धुणं हा नित्यनेम. त्यातून ती बंदरावर जाऊन आलेली असेल तर बघायलाच नको. संध्याकाळी लिलावाच्या वेळी बैलगाड्या लाटांत शिरून होड्यांवरची मासळी किनाऱ्याला आणतात, वाळूवर सुरमई-पापलेटचे वाटे पडतात, आणि पुण्या-मुंबईचे लोक गाडी थेट त्या गर्दीच्या तोंडाशी नेऊन लावतात. (त्यांतले जास्त हौशी कर्द्याच्या वाळूत गाडी घालतात. मग ट्रॅक्टर येतो. तो स्वतंत्र व्यवसाय आहे.) पाट्यांतून गळणारं पाणी, वितळलेला बर्फ आणि भरतीचा शिडकावा, असा तिहेरी अभिषेक झालेली गाडी घरी आली की आई पडवीतूनच सांगते, "आधी पाईप लाव, मग आत ये."

आईचं चुकत नाही. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओला पत्रा गंजतो, तेव्हा तळ आणि चाकांवरच्या खोबणी गोड्या पाण्यानं सडकून धुवायलाच हव्यात. पण सगळ्या गाडीत एक अवयव असा आहे की त्याला पाईप दाखवायचा नसतो, आणि हर्णेकराला नेमकं हेच पटवणं कठीण.

बॉनेट उघडलं की वर आतल्या बाजूला काळी गादी चिकटवल्यासारखी दिसते, ती. चिकटवलेली नसते, प्लॅस्टिकच्या बटणासारख्या क्लिपांनी अडकवलेली असते. आत काचेच्या तंतूंची लोकर, नाहीतर जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून, राळ घालून दाबलेला नमदा असतो. वरून काळं पातळ कापड. काम दोन प्रकारचं. इंजिनाची खडखड पिऊन टाकायची आणि इंजिनाची धग बॉनेटच्या रंगापर्यंत पोचू द्यायची नाही. आवाज गिळायचा, झळ सोसायची आणि कुणाच्या नजरेस पडायचं नाही, अशी एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेची नोकरी. भिजली की ती पाणी शोषून जड होते, लोंबते, क्लिपा उपसून येतात, आणि मागचा पत्रा गुपचूप गंजायला लागतो.

ह्या गादीकडे माझं लक्ष गेलं ते दिवाळीत मेहुणा पुण्याहून आला तेव्हा. त्यानं सवयीनं बॉनेट उघडलं आणि हाक मारली, "भावोजी, इथं कुणीतरी राहतंय."

राहत होतंच. जून-जुलैत मासेमारी बंद, बंदर ओस, पाऊस आडवा, गाडी आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही. उंदरानं त्या काळात कोपऱ्यातली गादी कुरतडून, पिंजून, बॅटरीमागे गोल अंथरूण केलं होतं. त्यात नारळाची शेंडी, आंब्याची पानं, बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद आणि मधोमध वाळक्या बोंबलाचं एक डोकं. म्हणजे पाहुणा मांसाहारी. दापोली तालुक्यात इतकी घरगुती निवास-न्याहारीची सोय झाली आहे, त्यात ही एक पाटी न लावलेली.

बायको म्हणाली, "अहो, असू दे की, कोपऱ्यातच तर आहे." भूतदया ठीक, पण सुकं गवत आणि काथ्या इंजिनाच्या तापलेल्या भागावर पडला तर पेट घेऊ शकतो. ज्याला शंका असेल त्यानं मान वर करून समुद्रात बघावं. सुवर्णदुर्ग उभा आहे. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं तुळाजी आंग्र्यांच्या ह्या किल्ल्यावर तोफा डागल्या. तटांनी दाद दिली नाही. पण एक गोळा आतल्या गवती छपरावर पडला, आग पसरत दारूकोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. (पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं होते. मेहुणा पुण्याचा असल्यामुळे हा भाग मी मोठ्यानं सांगितला.) जेम्सच्या पश्चात त्याच्या बायकोनं १७८४ साली लंडनमध्ये एका टेकडीवर आमच्या किल्ल्याच्या नावाचा मनोरा बांधला. तो अजून आहे. सुक्या गवताचा एवढा मोठा उत्कर्ष दुसरीकडे झाला नसेल.

तेवढ्यात सल्लागार जमले. एकानं डिझेलचा फवारा मारायला सांगितला. इंजिन चमकवायची ही रीत अनेक गॅरेजांत चालते आणि इंजिन चमकतंही. पण तेल प्यालेली गादी इंजिनाच्या डोक्यावर टांगून ठेवायची म्हणजे जेम्सला घरी बोलावून गोळा हातात देण्यातला प्रकार. दुसऱ्यानं डांबरगोळ्या सांगितल्या, तिसऱ्यानं तंबाखूची पुरचुंडी. तंबाखू आमच्याकडे आधी एकदा ठेवली होती. ती नाहीशी झाली, उंदीर राहिला. ह्यात आपण मागासलेले आहोत असंही नाही. जर्मनीत मुंगसाच्या अंगलटीचा मार्टेन नावाचा प्राणी बॉनेटखाली शिरून वायरी तोडतो आणि तिथले विमेवाले त्याची भरपाई देतात. होंडा कंपनी तर वायरींवर गुंडाळायला मिरचीच्या तिखटपणाचा अर्क लावलेली चिकटपट्टी विकते. मालवणी मसाल्यावर पोसलेल्या आमच्या उंदरानं ती तोंडी लावायला घेतली असती.

मेहुण्यानं मात्र पुण्याहून स्वतःचं प्रेशरवॉशर आणलं होतं. नवीन होतं. नवीन यंत्र हातात असलेल्या माणसाला जगात फक्त मळ दिसतो. त्याला अंगण दिलं, पायऱ्या दिल्या, तुळशीवृंदावनाचा कट्टा दिला, आणि गादी माझ्याकडे घेतली.

हे काम थंड इंजिनावर करायचं, बॉनेटची काडी नीट लावून. हातमोजे आणि तोंडावर फडकं हवंच. एक तर काचेचे तंतू अंगाला लागले की दिवसभर खाज सुटते, आणि दुसरं म्हणजे उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, हे कोकणात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. घरटं सुकं झाडायचं नाही, धुरळा उडतो. आधी त्यावर जंतुनाशकाचं पाणी शिंपडायचं, थोडा वेळ थांबायचं, मग चिमट्यानं उचलून पिशवीत. क्लिपा उष्णतेनं कडक झालेल्या असतात, ओढल्या की मान मोडून हातात येतात. त्यांच्या खाली चपटं काही सारून हळू उचलाव्या लागतात. त्यासाठी खास हत्यार मिळतं. आमच्याकडे आईचं थालिपिठाचं उलथनं मिळालं आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, म्हणजे बरोबर चाललं आहे असं समजावं. व्हॅक्यूमचा मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवायचा. हवेचा झोत नको, त्यानं नमदाच उडून जातो. मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं टिपत टिपत न्यायचं. घासायचं नाही. उंदरानं खाल्लेला कोपरा गेला तर गेला, इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही. लोंबणारी चिंधी मात्र कापून टाकायची, पट्ट्यात अडकली तर महागात पडते. सगळीच गादी पोखरली असेल किंवा तेलानं माखली असेल तर भावनेत न गुंतता नवी घालावी. आणि ती काळीभोर, शोरूमसारखी दिसली पाहिजे हा हट्ट सोडावा. ती दिसायला बनवलेलीच नाही.

पुसून झाल्यावर सावलीत पूर्ण वाळवायची. पडवीतल्या दोरीवर जागा होती ती सुकटीच्या टोपलीशेजारी, तिथं टांगली. रुंद, काळपट, एक कोपरा कुरतडलेला, कडेला भोकं. बाहेर मेहुणा फाटक धूत होता. माथ्यावर पाटी घेऊन जाणारी मासळीवाली थबकली. दोरीकडे बघत म्हणाली, "काय वो, मोरी सुकत घातलाव?"

मेहुण्यानं यंत्र बंद करून गंभीरपणे सांगितलं, "इन्सुलेशन आहे."

"ह्या मी कधी खाल्ला नाय," ती म्हणाली. पाटी टेकवून, जवळ येऊन तिनं गादी दोन बोटांत धरून जाडी बघितली. वास घेतला. "वास तर बरा हाय. काय भाव दिलाव?"

मेहुण्यानं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "तुम्ही किती द्याल?"