निव्वळकाका

वार्षिक अहवाल हातात पडला की बाकीचे लोक मुखपृष्ठापासून सुरुवात करतात. अध्यक्षांचा हसरा फोटो, पवनचक्क्या, दप्तर घेऊन पळणाऱ्या मुली, अशी गुळगुळीत पानं उलटता उलटता त्यांना डुलकी लागते. निव्वळकाका थेट नफा-तोटा पत्रक काढतात, पानाच्या तळाशी अंगठा रोवतात आणि तिथून वर चढायला लागतात. "वरून काय वाचायचं? वर उलाढाल असते. उलाढाल कुणीही करून दाखवतो."

असे एक काका तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचे डोंबिवलीत असतात. एका कारखान्याच्या अकौंट्स खात्यातून ते निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या पेन्सिलीला अजून कुणी कळवलेली नाही. कुणी काहीही सांगत असो, काकांचा प्रश्न ठरलेला: "ते राहू दे. निव्वळ किती?" पुतणीला बघायला आलेल्या मुलाने वीस लाखांचं पॅकेज सांगितलं, तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून काका म्हणाले, "त्यात कंपनीचा पीएफ धरलाय, ग्रॅच्युइटी धरलीय, व्हेरिएबल धरलंय. हातात किती?" मुलगा बोटांवर मोजायला लागला. पुतणी चहा घेऊन आली तरी त्याचं मोजणं संपलेलं नव्हतं.

लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर सापडलात तर सुटका नाही. "समज, चौथ्या मजल्यावर विक्री आहे. तिसरा आला, कच्चा माल आणि पगार गेले. दुसऱ्यावर व्याज आणि घसारा. पहिल्यावर सरकार, म्हणजे कर. तळमजल्याला दार उघडल्यावर जो बाहेर पडतो, तो निव्वळ नफा. भागधारकाचा काय तो एवढाच." घसारा म्हणजे काय, असं विचारायची चूक करू नये. यंत्राचे पैसे एकदाच जातात, पण खर्च मात्र यंत्राच्या आयुष्यावर पसरून दरवर्षी थोडाथोडा लिहितात, हे समजावताना ते लिफ्टचं दार पायाने अडवून धरतात.

त्यांचा भाचा एका स्टार्टअपमध्ये आहे. आमची कंपनी 'ईबीटडा पॉझिटिव्ह' झाली, म्हणून तो पेढे घेऊन आला. व्याज, कर, घसारा हे सगळं वजा करायच्या आधीचा आकडा, असं त्याने सांगितलं. काकांनी पेढा तोंडात टाकला. "म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या वरच उतरलात की रे." दुसरा पेढा मात्र त्यांनी निव्वळ नफ्यासाठी राखून ठेवला आहे.

एवढा त्या शेवटच्या आकड्यावर जीव, म्हणून त्यावर विश्वास असेल असं वाटतं. छे! संशय त्याचाच जास्त. 'इतर उत्पन्न' ही ओळ दिसली की काकांच्या भुवया वर जातात. माग बंद, भोंगा बंद, पण गिरणीची जमीन विकली आणि त्या वर्षी नफा गगनाला, हे त्यांनी गिरणगावात उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. "नफा खरा आहे रे, पण पुढच्या वर्षी काय विकणार? भोंगा?" सोसायटीच्या गणपतीत शिल्लक राहिली म्हणून टाळ्या वाजत होत्या, तेव्हाही काका उठले आणि त्यातलं ठेवीचं व्याज वेगळं काढून वर्गणीत तूट असल्याचं सिद्ध केलं. आरती जरा उशिरा झाली.

2019 साल त्यांच्या अगदी तोंडपाठ आहे. 20 सप्टेंबरला अर्थमंत्र्यांनी पणजीत कंपन्यांचा कर कमी केला. सवलती सोडणाऱ्या कंपनीला मूळ दर 22 टक्के, अधिभार-उपकर धरून 25.17. बाजार उसळला. इमारतीतले सगळे गुंतवणूकदार फोनवर, आणि काका गॅलरीत तुळशीला पाणी घालत म्हणतात, "एक साबणवडी जास्त विकली नाही, तरी नफा वाढणार. आणि गंमत बघ, ज्यांनी पुढे वाचणारा कर जुन्या दराने मालमत्ता म्हणून लिहून ठेवलाय, त्यांचा नफा आत्ता घटणार." नंतर काही कंपन्यांचे तसे निकाल आले, तेव्हा ती कात्रणं त्यांनी जिन्यात भेटेल त्याला दाखवली.

त्याच तिमाहीसाठी व्होडाफोन आयडियाने सुमारे 50,922 कोटींचा निव्वळ तोटा जाहीर केला. त्याआधी देशातल्या कुठल्या कंपनीने एका तिमाहीत एवढा तोटा दाखवलेला नव्हता. "फोन तर लागतोय," असं म्हणून काकू भावाशी बोलत राहिल्या. काकांनी मात्र टाचण काढलं. त्यातला मोठा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जुन्या सरकारी देण्यासाठी केलेली तरतूद होती. तीन महिन्यांत तेवढी रोकड गल्ल्यातून गेली असं नव्हे. "ह्याला म्हणतात अपवादात्मक बाब!" हे शब्द ते एरवी फार रागाने उच्चारतात. काही कंपन्या कारखान्याची पुनर्रचना, जुना माल काढून टाकणं असले खर्च दरवर्षी त्या ओळीत ढकलतात आणि 'हे सोडून बघा, नफा किती छान' असं म्हणतात. काकांनी अशा ओळींपुढे लाल पेन्सिलीने एकच वाक्य लिहिलेलं असतं: दरवर्षी येते ती अपवादात्मक कशी?

सत्यम कंपनीचं नाव काढलं की मात्र ते गप्प होतात. थोडे शेअर होते. 7 जानेवारी 2009 ला तिच्या अध्यक्षांचं, रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं. त्याआधीच्या सप्टेंबर तिमाहीत 649 कोटींचा व्यवसायातला नफा दाखवला होता, खरा होता 61 कोटी, आणि ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती. तोवर काकांचा एक नियम होता: नफा वहीत लिहिता येतो, म्हणून रोकड बघावी. इथे रोकडही लिहिलेलीच निघाली. त्या कंपनीचा जुना अहवाल काका अजून कपाटात ठेवतात, ज्ञानेश्वरी आणि पंचांगाच्या मध्ये. काकूंनी दोनदा रद्दीत घातला होता.

पूर्वी ते भागधारकांच्या सभेला मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्रीत जायचे. संध्याकाळी डब्यातला सामोसा आणि भेटवस्तू यांच्या किमतीतून लोकलचं भाडं वजा करून सभेचा निव्वळ काढायचे. जुलै 2015 पासून सभेत भेटवस्तू वाटायला बंदी आली आणि ते उत्पन्न आटलं. 2020 मध्ये सभा पडद्यावर आल्या. आता भाडंही नाही, सामोसाही नाही. सगळा हिशेब शून्यावर येतो आणि काकांना तो पटत नाही. तरी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसतात. खाली लेंगा असतो, पण तो ताळेबंदाबाहेरचा.

गेल्या दिवाळीत काकूंनी चकलीच्या ऑर्डरी घेतल्या. दहा किलो, चारशे ऐंशीचा भाव. काकांचा उत्साह असा, की भाजणी दळून यायच्या आधी पत्रक तयार. विक्री 4,800. साहित्य 2,750, गॅस 300, पिशव्या 150, आणि पितळी सोऱ्याचा घसारा 100. निव्वळ नफा 1,500. तळाच्या आकड्याखाली दोन रेघा मारून त्यांनी कागद काकूंपुढे धरला. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि तळापासून वर वाचत गेल्या. एवढ्या वर्षांत तेवढं त्यांना आलंच होतं.

"माझी मजुरी कुठाय यात?"

"अगं, घरचंच काम..."

"चार दिवस उभी राहणार आहे. पोळ्यांच्या बाईसुद्धा पाचशेशिवाय दिवसभर थांबत नाहीत."

काकांनी मुकाट्याने दोन हजार मांडले. पाचशे तोटा. बराच वेळ ते त्या आकड्याकडे बघत राहिले, मग चेहरा उजळला. "हे आपण अपवादात्मक बाबींत टाकू."

"बेचाळीस वर्षं रोज करतेय," काकू म्हणाल्या, "ते अपवादात्मक कसं?"

काका खोडरबर शोधायला आत गेले. काकूंनी ऑर्डरीची वही ओढली आणि भाव साडेपाचशे केला.