संपूर्ण माहिती मराठीत

माहितीभाऊ तुमच्याही गावात असणारच. एरंडोलचा आमच्या वाट्याला आलाय. त्याला साधा प्रश्न विचारायची सोय नाही. परवा स्टँडवर एका आजीबाईंनी विचारलं, "भाऊ, जळगावनी गाडी कव्हय येई?" भाऊ खाकरला. "आज आपण पाहणार आहोत, जळगावची गाडी म्हणजे काय, तिचे फायदे, तोटे आणि प्रवाशांना नेहमी पडणारे प्रश्न." तो तोट्यांवर येईपर्यंत गाडी हायवेला लागली होती.

भाऊचं शास्त्र सरळ आहे. ब्लॉगवर उत्तर पहिल्या ओळीत दिलं तर माणूस वाचून चालता होतो. शेवटी ठेवलं तर खाली उतरता उतरता चार जाहिराती बघतो. ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्सने 2018 मध्ये मराठीला घेतलं आणि भाऊने कपाशीचा हिशेब सोडून कीवर्डचा धरला. तेव्हापासून डॉक्टरांनी "कुठे दुखतंय?" विचारलं तरी तो "पोटदुखी म्हणजे काय?" इथून निघतो. डॉक्टरांनी प्रस्तावनेवरच दोन तपासण्या लिहून दिल्या.

महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे आपलं एरंडोल, भीमाने बकासुर इथेच मारला, ही गावाची श्रद्धा. पांडववाडा त्याची साक्ष. यावर भाऊने लेख पाडला: 'भीम: वय, उंची, वजन, पत्नी, एकूण संपत्ती, संपूर्ण माहिती मराठीत'. पद्मालयाचं देऊळ गावापासून दहाएक किलोमीटर. गाभाऱ्यात दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. भाऊच्या लेखात भाविक आधी 'गणपती म्हणजे काय?' वाचतो; रस्ता सापडेतो चतुर्थी उलटते.

ॲडसेन्सच्या खात्यात 10 डॉलर जमले की गूगल पत्ता तपासायला टपालाने पिन पाठवतं. तो येईपर्यंत भाऊने पोस्टमनला रोज चहा पाजला. पैसे मात्र 100 डॉलर झाल्यावरच बँकेत येतात. शंभरी जवळ आली तसा भाऊला दम निघेना. त्याने भाचे, साडू, व्याही सगळ्यांना जाहिरातींवर बोटं दाबायला बसवलं. असले क्लिक नियमाने खोटे ठरतात. खातं बंद झालं.

भावकीतल्या एकाच्या नावावर त्याने पुन्हा दुकान मांडलं, पण दिवस फिरले. हल्ली काही शोधलं की गूगलच उत्तर काढून सगळ्यात वर मांडतं. भाऊने तळाशी पुरून ठेवलेलं उत्तर उकरायला येतो कोण?

भाऊची कीव करायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण त्याच्याच ब्लॉगच्या कोपऱ्यात एक पान सापडलं. त्याची आई पहाटे जात्यावर म्हणायची त्या ओव्या, तिच्याच अहिराणीत. प्रस्तावना नाही, फायदे-तोटे नाहीत. पहिल्याच ओळीत आई. कुठली ओवी कोणत्या नणंदेवर बेतलीय, तेवढं कंसात. ॲडसेन्सच्या भाषांच्या यादीत अहिराणी नाही, आणि त्या ओव्या शोधणारंही कोणी नाही.

"यात पैसा नाही, मग लिहिलंस कशाला?" मी विचारलं. संपूर्ण माहिती ऐकायच्या तयारीने बसलोही.

"मायन्या शेतस," तो म्हणाला. आईच्या आहेत. एवढंच.

ते पान आम्ही पाच-सहा जण वाचतो. बहुतेक त्याचेच भाचे आणि साडू. या वेळी त्यांना कशावरही बोट दाबायला सांगितलेलं नाही.